चौथ्या मजल्यावरची शिट्टी

१

शनिवारी सकाळी कुकरची शिट्टी नाहीशी झाल्याचं उघडकीला आलं.

कुकर होता. झाकण होतं, रबर होतं, आतली दोन्ही भांडी एकात एक घालून ठेवलेली होती. झाकणाच्या नळीवर बसणारी ती बोटभर, जड शिट्टी तेवढी नव्हती. ठमीच्या आईनं भांड्यांचा रॅक पाहिला, ओटा पाहिला, फ्रिजखाली पट्टी फिरवून पाहिली आणि शेवटी कचऱ्याची पिशवी जुन्या वर्तमानपत्रावर उपडी केली. बटाट्याच्या सालांखेरीज काही निघालं नाही.

"गेली तर गेली," सासूबाई म्हणाल्या. "पातेल्यात करू भात."

हे ऐकून ठमीच्या आईला शिट्टी गेल्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. याच बाईंनी तो कुकर आपल्या जुन्या साडीत गुंडाळून विमानात मांडीवर आणला होता. तपासणीच्या वेळी गणवेशातल्या माणसानं शिट्टी उचलून उजेडात धरली, तर त्यांनी दोन्ही हातांनी वाफ, भात आणि नात असं सगळं खुणांनी समजावून दिलं होतं, इतकं की मागची रांग हसायला लागली होती.

नात म्हणजे ठमी, अडीच वर्षांची. नाव ठमी, पण अंगानं काडी. तिचं खाणं म्हणजे आजीच्या हातचा, कुकरमधला, बोटानं दाबला की विरघळणारा भात. दुसरं काही तोंडात गेलं की ते गालात साठायचं आणि तासाभरानं कुठल्या तरी उशीवर सापडायचं. पातेल्यातला भात त्या सकाळी सोफ्याच्या उशीवर सापडला.

म्हणून तर हे हॉटेल होतं. ऑफिसनं तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवायचं ठरवल्यापासून ठमीच्या आईनं राहायची जागा शोधण्यात महिना घातला होता. साधं हॉटेल नको होतं, कारण तिथं चूल नाही. एका ठिकाणी स्वयंपाकघर छान होतं, पण खिडक्या सताड उघडणाऱ्या. दुसरीकडे खिडक्या ठीक, पण खाली पहाटेपर्यंत गाणीबजावणी. तिसऱ्याच्या अभिप्रायांत कोणीतरी 'ढेकूण' असा एकच शब्द लिहिला होता. त्यानंतर तिनं ते पान पुन्हा उघडलं नाही. शेवटी ही जागा मिळाली. फार महाग नाही, अगदी स्वस्तही नाही. चौथ्या मजल्यावर दीड खोली, भिंतीलगत ओटा, दोन शेगड्या, गुडघाभर फ्रिज, तळाला कपडे धुवायचं यंत्र.

"माझ्याशी लग्न ठरवताना एवढी चौकशी केली होतीस का गं?" नवऱ्यानं विचारलं होतं.

"केली असती तर," ती म्हणाली होती, आणि वाक्य तसंच सोडून दिलं होतं.

गुरुवारी आल्या आल्या तिनं टेबलाच्या चारही कोपऱ्यांना ठमीचे जुने मोजे बांधले, गॅलरीच्या दाराला ओढणीची गाठ मारली आणि रात्री बाहेरच्या दाराला साखळी लावून वर खुर्ची टेकवली. सासूबाईंनी तेवढ्यात पहिला कुकर लावला. मुठीवर हात ठेवून, एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तशा, त्या शिट्ट्या होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. ठमी वाटीभर जेवली. ठमीच्या आईला वाटलं, जमलं सगळं.

आणि आता सोमवारी प्रशिक्षण सुरू, दिवसभर ठमी आजीजवळ, आणि घरात कोणीतरी परकं हात घालून गेलेलं. सोन्याच्या पाटल्या सासूबाईंच्या हातात तशाच होत्या, पासपोर्ट जागेवर होते. चोरानं काय न्यावं, तर शिट्टी.

ती ठमीला कडेवर घेऊन खाली निघाली. परत येईपर्यंत एका बाईची नोकरी तिच्या शब्दावर टांगली जाणार होती, हे तिला लिफ्टमध्ये ठाऊक नव्हतं.

२

खालचा मॅनेजर इतका नीटनेटका होता, की त्याच्यासमोर उभं राहिलं की आपले केस विस्कटलेत असं वाटावं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शिट्टी म्हणजे काय हे मात्र त्याला दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे आवाज करणारा तो भाग," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी त्या आवाजाची तक्रार आली होती माझ्याकडे. तुमच्या शेजाऱ्याची. मी तुमच्या खोलीत फोन केला, पुन्हा पुन्हा केला. कोणी उचलला नाही."

शुक्रवारी सकाळी ठमीची आई ओळखपत्र आणायला ऑफिसात गेली होती. खोलीत आजी आणि नात दोघीच.

"तुमच्याकडे सगळ्या खोल्यांची कार्डं असतात ना?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं.

मॅनेजर हसला. "असतात. आवाज बंद करायचा असता तर मी ते अख्खं यंत्रच उचलून आणलं असतं. त्याचा कुठला भाग निघतो हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

खरंच होतं. ज्यानं नेली त्याला शिट्टी वर खेचली की सुटते हे माहीत होतं.

"पण काळजी करू नका," तो म्हणाला. "तुमच्या मजल्यावरची सफाईवाली नवीन आहे. शुक्रवारी तुमच्याकडे तीच आली होती. तिला पाठवणाऱ्या एजन्सीची बाई आज संध्याकाळी येते. तुम्ही नुसतं हो म्हणा, सोमवारपासून दुसरी येईल."

"आणि हिचं काय?"

"तो एजन्सीचा प्रश्न. पहिल्या महिन्यात एक तक्रार आली तरी ठेवत नाहीत."

ठमीनं काउंटरवरची घंटा दाबली. ती टणकन वाजली, तशी ती खूष झाली आणि पुन्हा दाबली.

"संध्याकाळी सांगते," ठमीची आई म्हणाली.

वर आल्यावर तिनं सासूबाईंना विचारलं, "आई, शुक्रवारी इथला फोन वाजला होता?"

"नाही बाई," सासूबाई म्हणाल्या. "कोण करणार मला फोन इथं?"

ठमी आजीच्या मांडीवर चढली, दोन्ही हातांनी तिची हनुवटी आपल्याकडे वळवली आणि मग तिला घंटेची गोष्ट सांगायला लागली. टेबलावर सासूबाईंचा चष्मा उघडाच पडला होता. ठमीच्या हाताला लागेल म्हणून तिच्या आईनं तो उचलून कपाटावर ठेवला. सकाळपासून ती हे तिसऱ्यांदा करत होती.

फोन वाजलाच नाही म्हणणारी सासू खोटं बोलत होती, की वाजवला म्हणणारा मॅनेजर?

३

शेजारचा भाडेकरू बेकरीत रात्रपाळीला जाई आणि दिवसा झोपे. त्यानं दार उघडलं तेव्हा भुवयांत पीठ होतं आणि चेहऱ्यावर झोपमोडीचा राग. कडेवरची ठमी पाहून राग थोडा उतरला.

"त्या वाफेच्या इंजिनाबद्दल आला असाल," तो म्हणाला.

"शुक्रवारी तुम्ही तक्रार केलीत ना?"

"केली. गुरुवारीही वाजलं होतं, पण तेव्हा थोडं वाजून थांबलं. म्हटलं, असेल काही. शुक्रवारी आपलं वाजतंच आहे, वाजतंच आहे. मी भिंत ठोकली. आधी हातानं, मग चपलेनं. तरी चालूच. मला वाटलं, माझ्यावर सूड उगवताहेत."

"आणि मग?"

"मग खाली फोन केला. बऱ्याच वेळानं थांबलं. करपल्याचा वास आला भिंतीतून."

ठमीच्या आईला आठवलं. शुक्रवारी ती परतली तेव्हा खिडकी फटीएवढी उघडी होती, भांडं पाण्यात भिजत पडलं होतं, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "भात जरा लागला. इथली शेगडी तापट आहे." तिनं ते तिथंच सोडून दिलं होतं.

"तुमची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून आहे," ती म्हणाली. "मधली भिंत कमरेएवढीच."

बेकरीवाल्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग आपल्या पोटाकडे बोट दाखवलं. "हे घेऊन मी भिंत ओलांडीन असं वाटतं तुम्हाला?"

तिला हसू आलं, पण घरी येऊन तिनं गॅलरीचं दार तपासलंच. ओढणीची गाठ तिनं मारली होती तशीच होती, दुहेरी, शेपूट डावीकडे. तशी गाठ तिच्याशिवाय कोणी मारत नाही, आणि सोडवायला तिलाच दात लावावे लागतात.

म्हणजे बेकरीवाला सुटला. मॅनेजरही सुटला. हातात उरली सफाईवाली, आणि ती त्याच क्षणी पलीकडच्या खोलीतून आपली चाकांची गाडी ढकलत बाहेर येत होती.

४

सफाईवाली ठमीच्या आईएवढीच असेल. गाडीच्या दांड्याला तिनं एका लहान मुलाचं छायाचित्र चिकटवलं होतं.

"हो, मी पाहिली ती," ती लगेच म्हणाली. "छोटी आणि जड. ओट्यावर पडली होती. मी पुसून भांड्यांच्या रॅकवर ठेवली. हरवली का?"

हात लावल्याचं तिनं स्वतःच कबूल केलं होतं. शेवटचा हातही तिचाच दिसत होता.

"मी घेतली नाही," सफाईवाली हळू म्हणाली. "घेऊन मी काय करू तिचं?"

"तुम्ही आत कशा आलात? आजी होत्या ना घरात?"

"होत्या की. मी बेल दाबली. दार वाजवलं. हाकही मारली. कोणी बोलेना, म्हणून वाटलं बाहेर गेले असतील. कार्डानं उघडलं तर आजी सिंकपाशी, माझ्याकडे पाठ, भांडं घासताहेत. मी नमस्कार केला तरी बघेनात. नळ चालू होता, त्यामुळे असेल. मग ही छोटी धावत गेली, त्यांचा पदर ओढला, त्यांना खाली वाकवलं, त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं. आजी इतक्या दचकल्या. मग हसल्या आणि मला केळं दिलं."

सांगताना ती छायाचित्राची सुटत आलेली कड अंगठ्यानं दाबत होती. "खाली सांगणार आहात का तुम्ही?" तिनं विचारलं.

लहान मूल ठमीच्या आईच्याही कडेवर होतं. तिला एवढंच कळत होतं, की सोमवारी आपण दार ओढून निघू तेव्हा आपल्या मागे या घरात कोण येतं-जातं याची खात्री हवी. ती खात्री मिळवायचा सोपा रस्ता खाली काउंटरवर वाट पाहत होता. एक 'हो' म्हटलं की झालं.

तिनं नवऱ्याला फोन लावला.

५

"शिट्टी?" नवरा म्हणाला. "मी म्हटलं, आईचं आणि तुझं वाजलं की काय."

"चेष्टा नको. संध्याकाळपर्यंत सांगायचंय मला."

"अगं, पण शुक्रवारी रात्री तर होती."

"तुला काय माहीत?"

"तू ठमीचा फोटो नाही का पाठवलास, झोपायच्या आधी, दूध पिताना? तिच्या मागे रॅकवर दिसतेय की. मी तो इथं सगळ्यांना दाखवला. थांब, मोठा करून पाठवतो."

फोटो आला. ठमीच्या ओठांवर दुधाची मिशी. मागे रॅक, रॅकवर उपडी वाटी, आणि वाटीशेजारी शिट्टी.

ठमीची आई पलंगाच्या कडेवर बसली. हा फोटो सफाईवाली जाऊन कितीतरी तास झाल्यावरचा. त्यानंतर तिनं स्वतः दाराला साखळी घातली होती आणि खुर्ची टेकवली होती. सकाळी उठली तेव्हा दोन्ही जशीच्या तशी. रात्रीतून बाहेरचं कोणी आलं नव्हतं. येणं शक्यच नव्हतं.

घरात तीन माणसं होती. ठमीचा हात रॅकला पोचत नाही. उरल्या दोघी, आणि त्यातली एक ती स्वतः.

"बरं, आईला दे जरा," नवरा म्हणत होता. "नको, राहू दे, व्हिडिओच करतो. हल्ली तिला नुसता फोन चालत नाही. म्हणते, तोंड दिसल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही."

"कधीपासून म्हणतात?"

"झाले पाच-सहा महिने. का गं?"

"मी करते नंतर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

करपणाऱ्या भातापाशी शिट्टी वाजत राहिली. भिंत वाजली, फोन वाजला, बेल वाजली, दार वाजलं. त्या सकाळी या घरात सगळंच वाजलं होतं. शेजाऱ्याला वाटलं सूड, मॅनेजरला वाटलं घरात कोणी नाही, सफाईवालीला वाटलं नळाचा आवाज. मुठीवर ठेवलेला तो हात तिला आठवला. आणि तो चष्मा, सकाळपासून उघड्यावर पडलेला. चष्मा त्याच्या घरात घातल्याशिवाय सासूबाई कधी कूससुद्धा बदलत नसत. मग त्या चष्म्याच्या घरात सध्या काय आहे?

बाहेरच्या खोलीत सासूबाई सोफ्यावर बसून ठमीच्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ठमी खाली सतरंजीवर चमच्यांची गाडी चालवत होती. ठमीची आई त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आई, शिट्टी सापडली."

सासूबाईंनी फ्रॉकची बाही नीट दुमडली, आणि पुढचा फ्रॉक उचलला.

६

ठमी उठली. सोफ्यावर चढून तिनं दोन्ही हातांनी आजीची हनुवटी धरली आणि वळवली. "आजी, आई बोलते."

दिवसभर तिची आई सगळ्यांना प्रश्न विचारत फिरली होती, आणि उत्तर कडेवर घेऊन फिरली होती.

ती सोफ्याला वळसा घालून सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसली, तोंड दिसेल अशी. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग उशीखाली हात घालून चष्म्याचं घर काढलं आणि तिच्या हातात दिलं. ते जड लागलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"डावा कान गेला मागच्या थंडीत. उजवा आता चाललाय. तोंड समोर असलं की भागतं. जोरात बोललेलं थोडं थोडं पोचतं."

"आणि कुकर?"

"मुठीला कळतो की. शिट्टी झाली की हाताला धक्का बसतो. तेवढ्यावर मोजते. शुक्रवारी हिला शू करायला नेलं, हिनं तिथं पाण्यात खेळ मांडला. बाहेर आले तर वास. त्या रात्री मला झोप लागेना. म्हटलं, ही ब्याद आता नकोच ओट्यावर. पातेल्यातलं निदान डोळ्यांनी दिसतं."

"मला सांगायचं ना, आई."

"सांगून काय झालं असतं? तू टेबलाला मोजे घालणारी बाई. ठेवली असतीस हिला माझ्याजवळ?"

ठमीच्या आईला खोटं बोलता आलं नाही. "नसती ठेवली."

"मग तू घरीच बसली असतीस. दोन वर्षं बसलीसच की. माझ्या कानांपायी आणखी बसायला नको होतीस तू."

ठमीनं एक चमचा आजीला दिला, एक आईला दिला. ठमीच्या आईला राग आला होता, भीतीही वाटली होती, कारण त्या बंद खोलीत करपलेल्या कुकरपाशी तिची मुलगी होती. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं. स्वतःसाठी कोणी अशी, वेडी का होईना, चोरी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"त्या सफाईच्या मुलीवर आळ आलाय," ती शेवटी म्हणाली. "संध्याकाळी तिला काढणार आहेत."

सासूबाई उभ्या राहिल्या. घड्या घातलेले फ्रॉक पुन्हा विस्कटून खाली पडले. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस? चल खाली. आधी चल."

खाली मॅनेजर होता, एजन्सीची बाई होती, आणि भिंतीला चिकटून सफाईवाली. सासूबाईंनी कोणाची वाट पाहिली नाही. काउंटरवर शिट्टी ठेवली, ठक् असा आवाज झाला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मान डोलावली, कानाला हात लावून तो नकारार्थी हलवला, आणि सफाईवालीजवळ जाऊन तिचा गाल कुरवाळला. भाषांतर करायची गरज पडली नाही. एजन्सीच्या बाईनं आपली पर्स उचलली आणि जाताना सफाईवालीला सोमवारची वेळ सांगितली.

"तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे," मॅनेजर जरा थांबून म्हणाला. "कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची. बेल दाबली की आत दिवे लागतात. फोन आला तरी लागतात. धूर झाला तर उशीखालची चकती थरथरते. भाडं तेच. वरून दिसतं तसं शहर मात्र दिसणार नाही."

ठमीच्या आईला ती खोली आठवली. शोधताना जाहिरातीत तिनं ती पाहिली होती आणि 'आपल्याला काय करायची' म्हणून पुढे सरकली होती.

७

रविवारी सामान खाली आलं. टेबलाच्या कोपऱ्यांना पुन्हा मोजे बांधले गेले. यावेळी दोन कोपरे सासूबाईंनी बांधले. कुकर सकाळीच, ठमीची आई घरात असताना लावायचा, ती गेल्यावर शेगडीला हात नाही, असं ठरलं. दुपारी सफाईवाली काम झालं की डोकावून जाणार होती. तसं तिनं आपणहून सांगितलं होतं. परत गेल्यावर पहिलं काम कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. सासूबाईंनी त्यावर "बघू" म्हटलं, आणि नवऱ्यानं व्हिडिओवरून "बघू नाही, आई, जायचं" म्हटलं.

सोमवारी सकाळी कुकर लागला. ठमी ओट्यापासून लांब, उंच खुर्चीत बसली होती, आणि आजी तिच्याकडे तोंड करून उभी होती. शिट्टी झाली. ठमीनं एक बोट वर केलं. दुसरी झाली, तिनं आणखी बोटं वर केली, ती चार होती. "दोन, ठमाबाई," आजी म्हणाली आणि नंतरच्या शिट्टीला बरोबर शेगडी बंद केली. भात बोटानं दाबला तर विरघळला. ठमी वाटी संपेपर्यंत जेवली, आणि उशीवर काही सापडलं नाही.

ठमीची आई पर्स घेऊन बाहेर पडली, दार ओढून घेतलं. दोन पावलं गेली आणि परत आली. बेल दाबली.

दाराच्या फटीतून उजेड चमकला. दार उघडलं. सासूबाई दारात, त्यांच्या कमरेला ठमी.

"काय विसरलीस?"

"काही नाही," ती तोंड नीट समोर धरून म्हणाली. "दिवा लागतो का पाहिलं."

"लागतो," सासूबाई म्हणाल्या. "आता जा. पुन्हा दाबलीस तर मी उघडणार नाही, आणि ऐकू आलं नाही म्हणून सांगेन."